खदीजा : नाव ठेवताना आणि हाक मारताना

मुलगी जन्माला आली की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, नाव काय ठेवावे? दुसरा, हाक कोणत्या नावाने मारावी? पहिल्या प्रश्नासाठी आपण मौलवींना विचारतो, पुस्तके चाळतो, मोबाईलवर शोध घेतो. दुसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हाकेचे नाव आपोआप पडते आणि पुष्कळदा तेच आयुष्यभर चिकटून राहते. वास्तविक दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिव्य कुरआन आणि हदीसमध्ये आहेत. या लेखात आपण त्या दोहोंचा विचार करू.

एका घरातील प्रसंग

नरसिंहपूर परिसरातील एका शेतकरी कुटुंबात गेल्या वर्षी मुलगी झाली. दिवस पूर्ण भरण्याआधीच, आठव्या महिन्यात. नीरा ओलांडून अकलूजच्या एका रुग्णालयात प्रसूती झाली आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. बाळाच्या पायाला जी पट्टी बांधली होती, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ असे लिहून पुढे आईचे नाव होते. सातवा दिवस पेटीतच गेला. चौदावाही गेला. बाळाच्या आईने नावाचा विषय काढला तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी तिला थांबवले. जे लेकरू राहील की नाही याचा भरवसा नाही, त्याला नाव ठेवू नये. नजर लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

बाळ तिसऱ्या आठवड्यात सुखरूप घरी आले. त्यानंतर मला बोलावणे आले. घरात वाद होता. दादीमाँना नातीचे नाव ‘खतीजा’ ठेवायचे होते, कारण ते त्यांच्या आईचे नाव. सूनबाई पुण्यात शिकलेल्या. त्यांनी मोबाईलवरून चार नावे काढून ठेवली होती. त्या मला म्हणाल्या, “मौलाना, नाव पवित्र आहे, मला मान्य आहे. पण इथे सगळा उसाचा मुलूख. शाळेतली पोरे तिला ‘खत’ म्हणून चिडवतील. सोसायटीतून गोणी आली की माझ्या मुलीकडे बघून हसतील.” मुलीचे वडील मान खाली घालून बसले होते. ते एवढेच म्हणाले, “तुम्ही दोघी ठरवा.”

हा वाद केवळ एका घरातला नाही, म्हणून तो येथे मांडतो. दादीमाँचा आग्रह आणि सूनबाईंची भीती, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

नाव केव्हा ठेवावे?

सर्वप्रथम नजरेचा गैरसमज दूर केला पाहिजे. ह. समुरा (रजि.) यांच्या हदीसनुसार अपत्याचा अकीका सातव्या दिवशी करावा, त्याचे केस काढावेत आणि नाव ठेवावे. दुसरीकडे सहीह मुस्लिममध्ये असे आहे की, पैगंबर मुहम्मद (स.) यांना पुत्र झाला तेव्हा त्यांनी सकाळी सहाबांना सांगितले की, काल रात्री मुलगा झाला असून मी त्याला माझे पूर्वज इब्राहीम (अलै.) यांचे नाव दिले आहे. म्हणजे जन्मल्याबरोबर नाव ठेवणेही सुन्नतला धरून आहे आणि सातव्या दिवशी ठेवणेही. सातवा दिवस हुकला तर चौदावा, एकविसावा किंवा सोय होईल तो दिवस चालतो. मुलीसाठी एका बकऱ्याचा अकीका आहे. बाळ अशक्त असेल तर केस काढण्याची घाई करू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जगण्याची खात्री नसलेल्या बाळाला नाव ठेवू नये, या समजुतीला तर दीनमध्ये कोणताच आधार नाही. उलट आमच्या हनफी फिक्‌हचा नियम असा आहे की, जन्मताना ज्या बाळात जीवनाचे चिन्ह दिसले, ते पुढच्याच घटकेला वारले तरी त्याला नाव द्यावे, गुस्ल द्यावे आणि त्याची जनाजाची नमाज अदा करावी. शरीअतने एका घटकेच्या आयुष्यालाही नावाचा हक्क दिला आहे. मग काचेच्या पेटीत तीन आठवडे श्वासासाठी झगडणाऱ्या मुलीला आपण कोणत्या अधिकाराने बिननावाची ठेवतो? जीवन आणि मृत्यू अल्लाहच्या हाती आहे. नावाने मृत्यू लवकर येत नाही आणि नाव न ठेवल्याने तो टळतही नाही.

जन्मवेळेवरून अक्षर काढून नाव ठेवण्याची रीतही काही मुस्लिम घरांत शिरली आहे. शेजाऱ्यांच्या बारशाला आपण प्रेमाने जावे, आनंदात सहभागी व्हावे. परंतु आपल्या मुलीचे नाव निवडताना अक्षराचा कौल लावू नये. दीनमध्ये अक्षराला नव्हे, अर्थाला आणि आदर्शाला महत्त्व आहे.

नाव कोणी ठेवावे?

मतभेद झाल्यास नाव ठेवण्याचा अधिकार पित्याचा, असे फिक्‌हच्या विद्वानांनी म्हटले आहे. परंतु दिव्य कुरआनमध्ये मुलीच्या नामकरणाचा जो प्रसंग आला आहे, त्यात नाव ठेवणारी व्यक्ती आई आहे. सूरह आलि इमरान (३), आयत ३५ व ३६ उघडून पाहा. इमरान यांच्या पत्नीने पोटातील अपत्य अल्लाहच्या सेवेला अर्पण करण्याचा नवस केला होता. मुलगी झाली. तिने तिचे नाव मरियम ठेवले आणि लगेच त्या मुलीसाठी व तिच्या संततीसाठी सैतानापासून अल्लाहचा आश्रय मागितला. आधी नाव, मग दुआ, असा तो क्रम आहे. संपूर्ण कुरआनमध्ये नावानिशी उल्लेख झालेली स्त्री ही एकच, आणि ते नाव आईने ठेवलेले आहे.

याच्या शेजारी सूरह नहल (१६), आयत ५८ व ५९ ठेवून वाचा. मुलगी झाल्याचे ऐकून चेहरा काळवंडणाऱ्या आणि लोकांपासून तोंड लपवणाऱ्या पित्याचे चित्र तेथे आहे. म्हणून पित्यांना माझी विनंती आहे की, नावाच्या चर्चेतून अंग काढून घेऊ नका. “तुम्ही ठरवा” हे शब्द कधी उदारपणाचे असतात, तर कधी उदासीनतेचे. आई, वडील, आजी-आजोबा यांनी बसून सल्लामसलतीने नाव ठरवावे, हेच उत्तम.

अर्थ पाहावा, पण कोठे पाहावा?

पैगंबर (स.) यांनी काही नावे बदलली. ह. उमर (रजि.) यांच्या एका मुलीचे नाव आसिया होते, ते बदलून त्यांनी जमीला ठेवले. ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्या मुलीचे नाव बर्रा, म्हणजे ‘अतिशय पुण्यवान’, असे होते. त्यात आत्मप्रशंसा होती, म्हणून ते झैनब केले. सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नाव हज्न, म्हणजे ‘खडकाळ, कठीण’, असे होते. पैगंबरांनी त्यांना सहल, म्हणजे ‘सोपा, मृदू’, हे नाव सुचवले. वडिलांनी ठेवलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. पुढे सईद सांगत असत की, तेव्हापासून आमच्या घराण्यात तो रुक्षपणा राहूनच गेला. हे सहीह बुखारीत आहे.

येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह. उमर (रजि.) यांच्या मुलीचे ‘आसिया’ हे नाव अरबीत ऐन व साद या अक्षरांनी लिहिले जाते आणि त्याचा अर्थ ‘अवज्ञा करणारी’ असा होतो. फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे ‘आसिया’ हे नाव अलिफ व सीन यांनी लिहिले जाते. ते अत्यंत आदरणीय नाव आहे. देवनागरीत दोन्ही अगदी सारखी दिसतात. अरबीत झाल, झे, झाद आणि झो ही चार वेगळी अक्षरे आहेत. मराठीत त्या चारींसाठी आपण ज किंवा झ वापरतो. त्यामुळे देवनागरीत नाव वाचून अर्थ ठरवता येत नाही. मूळ अरबी अक्षरे जाणणाऱ्या आलिमला विचारणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

सूनबाईंच्या मोबाईलमधील चार नावांपैकी एक होते ‘झानिया’. ऐकायला गोड. खाली अर्थ लिहिला होता, ‘सुंदर’. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की, झे अक्षराने लिहिलेला हा शब्द कुरआनच्या सूरह नूर (२४), आयत २ मध्ये व्यभिचारिणीसाठी आला आहे. त्यांनी ते नाव तेथल्या तेथे पुसून टाकले. ‘कुरआनमधील शब्द’ म्हणजे ‘चांगले नाव’ असे समीकरण नाही. कुरआनमध्ये स्वर्गाचे शब्द आहेत, तसे नरकाचेही आहेत.

मग सूनबाईंनी विचारले, “आणि खदीजाचा अर्थ काय?”

शब्दकोशातला अर्थ सांगताना मी क्षणभर थांबलो. अरबीत ‘खिदाज’ म्हणजे अपुरेपणा. सांडणीने दिवस भरण्याआधी पिलू दिले तर त्यासाठी याच धातूचा शब्द वापरतात. सूरह फातिहाविना झालेली नमाज अपुरी असते, हे सांगणाऱ्या सहीह मुस्लिममधील हदीसमध्येही ‘खिदाज’ हाच शब्द आहे. मदरशाचा प्रत्येक विद्यार्थी तो वाचतो. खदीजा म्हणजे वेळेआधी जन्मलेली.

खोलीत कोणी काही बोलले नाही. दादीमाँना हा अर्थ ठाऊक नव्हता. सूनबाईंनी मांडीवरच्या बाळाकडे पाहिले.

अर्थ मोठा की व्यक्ती?

अनेकांना प्रश्न पडेल की, ज्या नावाचा कोशगत अर्थ ‘वेळेआधी जन्मलेली’ आहे ते नाव इतके श्रेष्ठ कसे? नामकरणातील मुख्य धडा हाच आहे. वाईट अर्थाचे नाव टाळावे, हे खरे. परंतु ज्या नावाला एखाद्या थोर व्यक्तीने आपल्या आचरणाने अर्थ दिला, त्याचा कोशातील अर्थ मागे पडतो. खदीजा म्हणजे मक्केतील सचोटीची व्यापारी स्त्री. खदीजा म्हणजे पैगंबर (स.) हिरा गुहेतून थरथरत घरी आले तेव्हा त्यांना पांघरूण घालून धीर देणारी, सर्वांत आधी श्रद्धा ठेवणारी पत्नी. लोकांनी बहिष्कार घातला त्या वर्षांत तिने साथ सोडली नाही. हिजरतीच्या सुमारे तीन वर्षे आधी तिचे निधन झाले. जिचे नाव अपुरेपणाच्या धातूवरून आले, तिच्या आयुष्यात काहीच अपुरे नव्हते.

तिच्या निधनानंतरही ते नाव पैगंबरांच्या घरात जिवंत राहिले. ह. आयेशा (रजि.) सांगतात की, बकरी कापली की पैगंबर (स.) तिचे वाटे खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे पाठवीत. एकदा खदीजा (रजि.) यांच्या भगिनी हाला दाराशी आल्या आणि त्यांनी आत येण्याची परवानगी मागितली. ती मागण्याची ढब ऐकून पैगंबरांना खदीजा (रजि.) आठवल्या आणि ते हेलावले. नाव कसे जपावे, हे यावरून शिकावे.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा हे नाव येते. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, असा विश्वास त्या पत्रात आहे. फातिमा या नावाचा मूळ संबंध बाळाचे दूध तोडण्याशी आहे. परंतु आज ते नाव ऐकून कोणाला शब्दकोश आठवत नाही. आधी पैगंबर-कन्या आठवते आणि महाराष्ट्रात त्यानंतर मुलींना शिकवणारी ती कष्टाळू शिक्षिका.

हाकेचे नाव : प्रेम की उपहास?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. नाव लहान करून हाक मारणे गैर आहे काय? मुळीच नाही. पैगंबर (स.) यांनी ह. आयेशा (रजि.) यांना ‘आइश’ अशी हाक मारून जिब्रील (अलै.) यांचा सलाम सांगितला. हे बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. अरबी व्याकरणात हाक मारताना शेवटचे अक्षर गाळण्याला ‘तरखीम’ म्हणतात. लहानपणा किंवा लडिवाळपणा दाखवण्यासाठी शब्दाचे रूप बदलण्याला ‘तसगीर’ म्हणतात. पैगंबर लहानग्या झैनबशी खेळताना तिला पुन्हा पुन्हा ‘झुवैनिब’ म्हणत, अशी रिवायत आहे.

मराठीतही याच दोन युक्त्या आहेत. आपण पहिली दोन अक्षरे ठेवतो आणि शेवटी ऊ किंवा ई लावतो. यमुनेची यमू होते आणि यमीही होते. मराठी कानाला ठाऊक आहे की ‘यमू’त माया आहे आणि ‘यमी’त पुष्कळदा हेटाळणी. आपल्या घरांतही फातिमाची फातू, सकीनाची सक्कू, रुकैयाची रुक्कू होते. यात काही वावगे नाही.

मर्यादा कोठे आहे? सूरह हुजुरात (४९), आयत ११ मध्ये एकमेकांना वाईट उपनावांनी संबोधण्यास मनाई केली आहे. सुनन अबू दाऊदमध्ये तिची पार्श्वभूमी आली आहे. पैगंबर (स.) मदीनेत आले तेव्हा बनू सलिमा कबिल्यात प्रत्येकाला दोन-तीन नावे होती. पैगंबर एखाद्याला त्यातल्या एका नावाने हाक मारीत, तेव्हा लोक सांगत की, या नावाचा त्याला राग येतो. त्यावर ही आयत अवतरली. याउलट ह. अली (रजि.) मशिदीत मातीवर झोपलेले पाहून पैगंबरांनी त्यांना ‘अबू तुराब’, म्हणजे मातीचा बाप, म्हटले, आणि अलींना त्याहून प्रिय नाव दुसरे नव्हते. शब्द मातीचाच, पण तो मायेने उच्चारलेला आणि ज्याचा त्याला आवडलेला. कसोटी ही आहे की, ज्याला हाक मारली, त्याच्या मनाला ती कशी लागते.

म्हणून आपल्या मुलींच्या बाबतीत दोन भाषांची जाण ठेवावी. अरबीत मरियम हे नाव अतिउच्च, परंतु त्याचे ‘मरी’ केले की मराठीत तो पटकीच्या साथीचा शब्द होतो. मरियम मुळातच छोटे नाव आहे. ते पूर्ण घ्यावे. ‘खतीजा’ हे खदीजाचे आपल्या दख्खनी जिभेवर रुळलेले रूप. ते म्हणण्यात पाप नाही. आपल्या कितीतरी आज्या त्याच नावाने अल्लाहला प्यारी झाल्या. पण त्याचे ‘खती’ किंवा ‘खत’ होऊ शकते, ही सूनबाईंची भीती रास्त होती. यावर उपाय नाव टाकून देणे हा नाही. हाकेचे नाव आपण आधीच ठरवून द्यावे, म्हणजे ते पाडण्याची संधी दुसऱ्यांना मिळत नाही.

कागदावरील नाव

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरले नसेल तरी नोंद करावी. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. जेथे जन्म झाला तेथेच नोंद होते, म्हणून या मुलीची नोंद नदीपलीकडे, सोलापूर जिल्ह्यात झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच आधार मानला जातो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. म्हणून शुद्धलेखन एकदाच ठरवावे आणि देवनागरी व इंग्रजी दोन्ही लिपींत सर्वत्र तेच लिहावे. निकाहाच्या वेळी मी कागद पाहतो, तेव्हा दाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरे आणि घरात तिसरेच नाव आढळते. निकाहात वधूची ओळख निःसंदिग्ध असावी लागते, हे पालकांनी विसरू नये.

हे सांगत असताना दादीमाँनी आपले रेशनकार्ड पुढे केले. त्यावर नाव होते ‘बेबी’. त्या म्हणाल्या, “मौलाना, आईने माझे नाव रुकैया ठेवले होते. निकाहात एकदा ऐकले. त्यानंतर कुणी घेतलेच नाही. आईचेही तसेच. सगळे ‘बेबीची माँ’ म्हणायचे. खतीजा नाव कागदावर नाही, कुणाच्या तोंडी नाही. माझ्यानंतर ते जाईल.”

तेव्हा मला त्यांचा आग्रह समजला. औरंगाबादला बीबी का मकबरा पाहायला लाखो लोक जातात. तेथे दफन झालेल्या औरंगजेबाच्या बेगमचे नाव दिलरस बानू होते, हे किती जणांना ठाऊक आहे? बादशहाच्या बेगमची ही गत, तर नरसिंहपूरच्या शेतकरी स्त्रीचे नाव कोण जपणार? लाडाचे नाव वाईट नसते. ज्या लाडापायी खरे नाव बुजून जाते, तो मात्र अन्याय आहे.

शेवटी तिघांनी मिळून ठरवले. दाखल्यावर ‘खदीजा’. घरात ‘दिजू’. दादीमाँना मुभा, त्यांनी खुशाल ‘खतीजा’ म्हणावे. नाव मुलीच्या वडिलांनी स्वतः मोठ्याने उच्चारले. मग मी दुआ केली, मरियमच्या आईने मागितलेला आश्रय याही मुलीसाठी मागितला. अकीक्याच्या मटणाचे वाटे दादीमाँच्या आईला ओळखणाऱ्या ज्या दोन वृद्ध शेजारणी हयात आहेत, त्यांच्याकडे सर्वांत आधी गेले. निघताना मी सूनबाईंना म्हणालो, “आजपासून दादीमाँनाही कधीतरी रुकैया म्हणून बोलवा.” दादीमाँ हसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

थोडक्यात

१. बाळ अशक्त असले तरी नाव ठेवण्यास भिऊ नये.

२. अर्थ मूळ अरबी अक्षरांवरून, जाणकाराला विचारून ठरवावा.

३. केवळ नवे म्हणून नाव निवडू नये. ज्या स्त्रीचे नाव देत आहोत, तिचे चरित्र मुलीला सांगता आले पाहिजे.

४. हाकेचे नाव मराठीत कसे ऐकू येते ते पाहावे आणि मुलगी मोठी झाल्यावर तिला ते आवडते का, हे विचारावे. आवडत नसेल तर त्या दिवसापासून ते बंद करावे.

५. दिवसातून एकदा तरी मुलीला तिच्या पूर्ण नावाने हाक मारावी.

अल्लाह आपल्या मुलींना त्यांच्या नावांना शोभेल असे आयुष्य देवो आणि ती नावे मायेने उच्चारण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.